टाचेखालची तीट

“याची मान आखूड आहे,” मधुसूदन म्हणाला आणि एक नंबरचा वज्रकाय त्याने स्टँडवर परत ठेवला.

टेबलावर तीन वज्रकाय उभे होते. वीर एकच, निळा पोशाख एकच, उंची फूटभर, पण घडवणारे हात वेगवेगळे. खेळण्यांच्या कंपनीला असा वीर हवा होता, जो खराखुरा माणूस वाटेल. चाळिशीचा, दाढी वाढलेला, दमलेला. बाजारात काढण्याआधी हे पहिले नमुने पारखायला २००६च्या त्या जून महिन्यात कंपनीने शहरातले तीन संग्राहक मैलापूरच्या ऑफिसात बोलावले होते. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेला पुण्याचा मधुसूदन, कॉलेजात शिकवणारी दिव्यश्री आणि बँकेतले उदयसिंह. इंटरनेटवरची संग्राहक मंडळी उदयसिंहांचा शब्द प्रमाण मानत. पंचेचाळिशी उलटली तरी हा माणूस बाहुल्यांशी खेळतो, असं त्यांचे तंजावरकडचे नातेवाईक म्हणत. म्हणोत बापडे.

कोणता नमुना कोणाचा, ते सांगायचं नाही असा नियम होता. मॅनेजरने एवढंच सांगितलं की दोन कंप्युटरवर झालेत आणि एक हाताने. हातचा निवडला गेला नाही, तर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातली मूर्तिकामाची खोली पहिल्या तारखेपासून बंद.

ती खोली म्हणजे अप्पाजी. दुसरं तिथे कोणी उरलंच नव्हतं. सत्तरीचे अप्पाजी या घटकेला खाली बाकावर बसले होते. सकाळी नमुने खोक्यांतून काढून मांडायला त्यांनाच बोलावलं होतं. एक बोट मोडलं तर कोणाला सांगता, आणि मॅनेजरचा दुसऱ्या कोणाच्या हातावर भरवसा नव्हता. जिन्याशी उदयसिंह भेटले, तेव्हा म्हातारा कामाबद्दल चकार शब्द बोलला नाही. आईची तब्येत विचारली, झालं.

उदयसिंहांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात, त्यात दर वर्षी एक तरी नवी बाहुली लागते. ती आणणार कोण? शेजारचे अप्पाजी तेव्हा मातीच्या बाहुल्या करून विकत. देवळाच्या तळ्याकडे टोपली घेऊन निघताना ते यांच्या दारात थांबत, टोपलीत हात घालून एक बाहुली शोधून काढत आणि आईच्या हातात देत. एक वर्ष चुकलं नाही. पुढे मातीचा धंदा बसला, अप्पाजी कारखान्यात लागले, तरी बाहुली येत राहिली. संग्रहाचं वेड उदयसिंहांना लागलं ते तिथूनच.

त्या प्रत्येक बाहुलीच्या डाव्या टाचेखाली तिळाएवढा काळा ठिपका असे. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून लावतात, तशी तीट. बाजारच्या कुठल्याही बाहुलीला ती नसे. ही अप्पाजींची सही, हे पोराने तेव्हाच ताडलं होतं.

आता त्यांनी दोन नंबरचा वज्रकाय उचलला. सांधे हलवून पाहिले आणि संग्राहक पाहतात तसं त्याला उलटं केलं.

डाव्या टाचेखाली तीट होती.

उदयसिंहांना हायसं वाटलं. म्हाताऱ्याने इथेही सवय सोडली नव्हती. दोन नंबरचं काम सुबक होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. ऋण फेडायची अशी संधी देवाने हातात आणून दिली होती.

घोळ एवढाच की दिव्यश्रीला तीन नंबर आवडला होता. हा माणूस आत्ता बसमधून उतरून घरी निघालाय असं वाटतं, असं ती म्हणाली. मधुसूदनही तिकडेच झुकला. उदयसिंहांनी तीन नंबर हातात घेतला. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आली होती, रात्ररात्र न झोपलेल्या माणसाची येते तशी. त्यांची नजर त्या चेहऱ्यावरून हलेना. खरं सांगायचं तर इतका जिवंत चेहरा त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

मग त्यांनी तो खाली ठेवला आणि पारखी म्हणून जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले.

“पापणी बिघडलीय,” ते म्हणाले. “साच्यातून हजार नग निघाले तर ही चूक हजारदा निघेल. घडवणाऱ्याचा हात डळमळलाय.”

अर्धा तास ते बोलत राहिले. साचे, सांधे, रंग, सगळं काढलं. दिव्यश्रीने थोडा वाद घातला. पण उदयसिंहच म्हणतात म्हटल्यावर दोघांनी अखेर माना हलवल्या. मॅनेजरने कागदावर दोनचा आकडा लिहिला, तिघांच्या सह्या घेतल्या आणि तिथूनच मालकांना फोन लावला.

उदयसिंह दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. अप्पाजी बाकावर तसेच बसले होते, मांडीवर पिशवी.

“अप्पाजीमामा, दोन नंबर ठरला. तिघांच्या एकमताने.”

अप्पाजींचा चेहरा खुलला. “दोनच ना? सरी, बरं झालं. तुझी नजर तयार झाली रे उदया. सकाळी मांडताना मलाही तोच सगळ्यांत देखणा दिसला. चांगल्यास दृष्ट लागते, म्हणून मी त्याचे टाचेस तीट लाविली.”

“पण तीट तुम्ही तुमच्याच कामाला लावता ना? आमच्या घरच्या सगळ्या बाहुल्यांना आहे.”

“छे. टोपलीत जी सगळ्यांत बरवी, तिलाच एकीला लावायचो. आणि तीच तुझे आईस द्यायचो.”

अप्पाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. पिशवी खांद्याला लावली. मग जरा घुटमळले.

“तीन नंबर माझा. पापणी मुद्दाम खाली ठेविली होती,” ते म्हणाले. “कोणास आवडली काय रे?”