दौंडचा गेटमन कॅनडात

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा; एक गोड हकिगत सांगतो.

कॅनडात स्थायिक झालेल्या ढमाल्यांनी तिथल्या गावच्या रेल्वेचा छोटा देखावा बनवला. क्रॉसिंगवर इशाऱ्याची लाल काठाची पांढरी फुली हुबेहूब लावली. पण कामाच्या भरात शेजारी हिरव्या झेंडीवाला गेटमनही उभा केला.

देखाव्यांच्या प्रदर्शनाआधी तो तपासायला तिथल्या रेल्वेप्रेमींच्या क्लबचे म्हातारे गॉर्डन आले. "अहो, आमच्याकडे क्रॉसिंगवर माणूस नसतो. चूक असली की देखावा बाद!"

ढमाल्यांनी गेटमनवर बोट ठेवलं. "दौंडला माझे वडील, अण्णा, तीस वर्षं फाटकावर असेच उभे होते. त्यांना काढायला हात धजत नाही हो."

गॉर्डननी चष्मा पुसला. "तीस वर्षं? मग बसायला खुर्ची तरी द्या त्यांना!" अन् मंजुरीची सही ठोकली.

ढमाल्यांचा जीव भांड्यात पडला. मंडळी, रूळ ओलांडाल तेव्हा अण्णांना मनोमन हात जोडा.