जिन्यातलं टेबल

“आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करून नोकरी कुठे लागणार?” बाबांचा रोजचा प्रश्न. “वकिलातीत, वर्तमानपत्रात, मदतसंस्थेत,” लेकीचं ठरलेलं उत्तर. “आधी घरातले संबंध सुधार,” आई म्हणाली, आणि लेकीनं ते मनावर घेतलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी गच्चीची किल्ली दाबून ठेवल्यापासून दोघा भावांत अबोला होता. एकमेकांच्या दारात पाऊल टाकायला कोणी तयार नाही, म्हणून तिनं बैठक जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवली. अंगणातलं जड टेबल तिथवर चढवायला दोघांनाच जुंपलं. तोंडाला कुलूप लावून ते पायऱ्या चढले आणि वळणावर टेबल अडकलं. “दादा, जरा तिरकं कर,” काकांच्या तोंडून निसटलं. “अरे, तुझी बाजू उचल,” बाबा हसले. काकांनी अडकलेल्या टेबलावरून वाकून गच्चीची किल्ली बाबांच्या खिशात टाकली. “बसायचं चर्चेला?” लेकीनं विचारलं. “झाली,” बाबा म्हणाले. “टेबल सोडवायचं शिकवलंय का एम.ए.ला?”