आधी तुम्ही आत जा

"आधी तुम्ही आत जाऊन दाखवा, मग मी जाते," असं म्हणून बायको एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर ठाण मांडून बसली.

टेलरमास्तरांनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांच्या संसारात ती कशाला घाबरलेली त्यांनी पाहिली नव्हती. पण महिनाभर ती पोटात कळा येतात म्हणत होती, आणि स्वादुपिंडावर गाठ आहे की नाही ते आज कळणार होतं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला एकटीला उपाशी राहवत नाही, म्हणून सकाळपासून तेही कोरडेच होते. तिचा चष्मा घरी राहिला, म्हणून अर्जावर न वाचता सहीही त्यांनीच ठोकली होती.

मशीन चालवणारी मुलगी लगेच हो म्हणाली, याचं त्यांना थोडं नवल वाटलं. तिने घड्याळ, पट्टा काढून ठेवायला सांगितलं. पट्टा निघताच विजार घसरू लागली. कापड सैल पडलंय, असं मास्तरांनी तिला बजावलं. स्वतःच्या मापात चूक होणं शक्यच नव्हतं.

आत यंत्र पत्रा ठोकल्यासारखं वाजत होतं. श्वास घ्या, रोखा, सोडा, असं कानात कोणी सांगत होतं आणि मास्तर इमानाने करत होते. बायकोला सगळं नीट शिकवायचं होतं. पडल्या पडल्या त्यांनी देवाला हात जोडले. हिचं काही निघू नये, निघायचंच तर माझं निघू दे.

बाहेर आले ते छाती काढून. घाबरण्यासारखं काही नाही, नुसतं डोळे मिटून पडायचं, हे त्यांनी अख्ख्या बाकाला समजावलं. बायको मान डोलवत राहिली, पण जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई रिपोर्टचं पाकीट घेऊन आल्या. "गाठबीठ काही नाही. पित्ताच्या नळीत एक खडा अडकलाय, तो दुर्बिणीतून निघेल."

बायको रडता रडता हसायला लागली. मास्तरांनाही इतका आनंद झाला की भान आलं ते जरा उशिराच.

"अहो डॉक्टर, पण ही अजून आत गेलीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट मास्तरांच्या हातात ठेवलं.

"मी कशाला जाऊ?" बायको डोळे पुसत म्हणाली. "रात्र रात्र पोट दाबून बसता तुम्ही."