बाईचा हात

कुडव्याच्या बकाराम गुरुजींची जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला थांबली की थरथरायची आणि हमखास बंद पडायची. कारण गुरुजींनी पहिल्याच दिवशी शोधलं होतं. त्यांच्या बायको वच्छलाबाई गाडी चालवायला शिकल्या होत्या. "बाईचा हात लागला न् गाडी बिघडली," असं जाहीर करून त्यांनी चावी स्वतःच्या खिशात टाकली. वच्छलाबाई दोन महिने दात-ओठ खात शेजारी बसल्या.

"माह्याजवळ तं बरोबर चालून राहिली, गुरुजी," गॅरेजात गाडी तपासून प्रफुल्ल मिस्त्री चौथ्यांदा म्हणाला.

"म्हंजे मी खोटं बोलून राहिलो का रे? बस बाजूले, दाखवतो!"

वच्छलाबाई मागे बसल्या. गुरुजी तावातावाने चढले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्कूटर विकली होती, पण स्कूटरच्या हुकाला थैली अडकवायची वीस वर्षांची सवय कोणी विकत घेतली नव्हती. तंबाखू-सुपारीचा खर्रा, चष्मा आणि पेपरांनी फुगलेली थैली त्यांनी समोरच्या एका मुठीला टांगली आणि चावी फिरवली. गाडी थरथरली, खोकली, बंद पडली.

"पाह्य! पाह्यलं?" गुरुजी गरजले.

प्रफुल्लने थैली उचलली. मूठ आपसूक आत गेली.

"गुरुजी, हा चोक हाये. हा ओढून ठेवला का पेट्रोल जास्त जाते न् गाडी बंद पडते. इथं थैली कोन टांगते?"

गुरुजींना एकाएकी खर्ऱ्याची तलफ आली.

वच्छलाबाई उतरल्या, गुरुजींच्या बाजूचं दार उघडलं आणि थैली त्यांच्या गळ्यात अडकवली.

"चावी द्या. मागं बसा. न् कायलेच हात नोका लावू."