बोरसे सरांची पिशवी

नाव चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. माधवीबाईंनी ते सकाळी पत्र उघडतानाच ठरवून टाकलं होतं: आनंदा बोरसे. दुसरं कोण!

तरी बाईंना चैन नव्हतं. खुर्चीत बसल्या, उठल्या, पंखा वाढवला, पुन्हा कमी केला. लिंबायतच्या त्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण अशी घालमेल कधी झाली नव्हती. पलीकडच्या गल्लीतले माग खडखडत होते. तो आवाज त्यांना एरवी ऐकूही येत नसे, आज डोक्यात बसला होता.

कारण होतं तिसरीचा वर्ग. अडतीस पोरं, त्यातल्या एकविसांना धड वाचता येत नव्हतं. दिवाळीपर्यंत वाचन सुधारलं नाही तर हा वर्ग बंद करून पोरं शेजारच्या गुजराती शाळेत घालू, असं वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं. आज तिसरी गेली की उद्या चौथी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि हा वर्ग होता बोरसे सरांचा.

त्यात हे पत्र. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! एकवीस दिवसांचं सरकारी प्रशिक्षण. शिक्षक किंवा मुख्याध्यापक, प्रत्येक शाळेतून एक जण. जाणं-येणं, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळा खर्च सरकारचा. बाईंचा यातला हिशोब मात्र जुना आणि सोपा होता. चांगला शिक्षक पाठवला की त्याचा वर्ग उघडा पडतो, म्हणून ज्याच्यावाचून अडत नाही त्याला पाठवायचं. सहा वर्षांत बोरसे अकरा प्रशिक्षणं करून आले होते. दर वेळी परत आले की म्हणायचे, "बाई, पोरांशी नीट ओळख व्हायला जरा वेळ लागेल." बाई मनात म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. या वेळी ते गेले की तिसरी शाळेतल्याच सुषमाबाईंच्या हाती द्यायची आणि दिवाळीपर्यंत वर्ग वाचवायचा, असा बेत होता.

अर्ज भरता भरता त्या एका नव्या रकान्यापाशी अडल्या. 'सदर शिक्षकाने गेल्या वर्षी प्रत्यक्ष वर्गात किती दिवस शिकवले?'

आता हे कशाला हवं यांना? वैतागून त्यांनी हजेरीपत्रक काढलं, आदेशांची फाइल काढली. चार प्रशिक्षणं. मतदारयादी. घरोघरचं सर्वेक्षण. विज्ञान मेळाव्याची तयारी. सुषमाबाई रजेवर असताना त्यांचा वर्ग. प्रत्येक आदेशाखाली एकच सही होती, बाईंची. शाळा भरली दोनशे सतरा दिवस. बोरसे तिसरीत होते एकाहत्तर दिवस.

चुकलं असेल, म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. एकाहत्तरच.

त्यांना एकदम राग आला. कोणावर, ते कळेना. रकाना कोराच ठेवून त्या अर्ज घेऊन निघाल्या. बोरसेंची सही तरी घेऊन टाकू म्हणजे सुटलो एकदाचे.

तिसरीच्या दारात त्या थबकल्या. बोरसे खाली पोरांच्यात बसले होते. पोरं अहिराणीत एकेक शब्द सांगत होती, बोरसे तो फरशीवर खडूनं लिहीत होते आणि त्याच्यासमोर पुस्तकातला मराठी शब्द. आजवर तोंड न उघडलेली पोरं आपला शब्द आधी लिहिला जावा म्हणून भांडत होती. मधेच पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं,

"सर, आते परत कवय जाशात?"

आता परत कधी जाणार, हे पाहुण्याला विचारावं, तसं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती.

बोरसेंनी वर पाहिलं. दारात बाई, बाईंच्या हातात कागद. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी काढून खांद्याला लावली. पिशवी भरलेलीच होती. वही, पाण्याची बाटली, टॉवेल. ती नेहमीच भरलेली असायची, हे बाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"सही कुठे करू, बाई?"

बाईंनी कागद पुढे केला नाही. बोरसे क्षणभर घुटमळले. मग खाली बघत म्हणाले, "रागावू नका. शिकवायचं कसं, ते तुम्ही मला अकरा वेळा शिकवून आणलंत. आता एकदा शिकवू द्या ना."

बाईंनी बोरसेंच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि पुन्हा खिळ्याला लावली. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. त्यांनी ती परत काढली आणि टेबलावर रिकामी केली.

खोलीत आल्या तेव्हा फोन वाजत होता. शिक्षण खात्याच्या कचेरीतले मगनभाई घाईत होते.

"माधवीबेन, चार वागी गया. नाम लखावो."

"लिहा. माधवी गोविंद देशमुख."

"तमे?" मुख्याध्यापिकेनं शिकायला जावं, याचं मगनभाईंना हसू आलं. "अरे बेन, मोटां बेन थईने हवे तमारे शुं शीखवानुं बाकी छे?"

हजेरीपत्रक टेबलावर उघडंच पडलं होतं. दोनशे सतरातून एकाहत्तर गेले.

"एकशे शेहेचाळीस दिवस," बाई म्हणाल्या.