मिशीचा पीळ

"चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा," गेटवरच्या मशीननं परत सांगितलं. बाईचा आवाज, आणि काय तो गोडवा!

अर्जुनानं टोपी सारखी केली, मान ताठ केली आणि काचेसमोर उभा राहिला. पुन्हा लाल दिवा. शिरवळच्या त्या कारखान्यात दुसऱ्या पाळीची माणसं शेजारच्या काचेला तोंड दाखवून एकेक करून आत चालली होती. हिरवा दिवा लागायचा, "स्वागत आहे, हसत राहा," की दांडी फिरायची. अर्जुनापुढची दांडी मात्र ढिम्म हलेना.

"मिशी रं," तात्याबा म्हणाले. फौजेतनं हवालदार होऊन उतरलेला माणूस, आता ह्या गेटवर राखणीला. "तुज्या फोटूत मिशी हाय. आता कुठाय?"

कुठं असणार? बाप गेला की पोरानं डोईचे केस आणि मिशी द्यायची, ही आटपाडीकडच्या त्याच्या घरची रीत. अर्जुनानं दिली. डोकं कंपनीच्या टोपीखाली झाकलं, ती टोपी फोटोतही होतीच. वरचा ओठ कशानं झाकणार? तेरावा उरकून गडी थेट एसटीत बसला होता, कारण ठेकेदाराचा निरोप स्वच्छ होता: आज पाळीला उभा राहिला नाहीस, तर तुझ्या जागेवर दुसरा माणूस. कायमचा.

"आवं तात्याबा, तुमी तर वळखताय की मला."

"न वळखायला काय झालं? तुज्या आबालाबी वळखत हुतो. पर माज्या वळखीनं दांडी फिरत न्हाई, बाबा."

तात्याबांनी फोनही लावून बघितला होता. त्या मशीनचा कारभार कुठल्या शहरातनं चालतो, देव जाणे. तिकडचा पोरगा म्हणाला, नवीन फोटो चढायला आठवडा जाईल, तोवर कामगाराला घरी बसवा. वर म्हणाला, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

तेवढ्यात हॉर्न वाजला. साहेब लोकांची लांबलचक पांढरी गाडी आली, काचा काळ्याकुट्ट. मोठ्या गेटचा अडसर आपला आपण वर गेला. आत कोण बसलंय, त्याला मिशी आहे का नाही, कुणी विचारलं नाही. तात्याबांनी सवयीनं सलाम ठोकला, आणि मग स्वतःवरच चिडून हात खाली घेतला.

मागनं मोहसीन आला. अर्जुनाच्याच लाइनवरचा, जेवणाच्या डब्यातला वाटेकरी. काय झालंय ते त्यानं ऐकून घेतलं, दोस्ताच्या उघड्या ओठाकडं बघितलं आणि रांगेकडं वळून ओरडला, "काजळ हाय का रं कुणाकडं?"

पॅकिंगच्या विजयमालानं पर्समधनं काजळाची कांडी काढली, पण हातातच धरून ठेवली. "आवं, बाप जाऊन किती दिस झाल्यात? आन तुमी ह्येंची मिशी रंगवताय? काय ही तऱ्हा!"

"ताई, नोकरीबी गेली मंजी?" मोहसीन म्हणाला.

तिनं कांडी दिली. मोहसीननं दोस्ताची हनुवटी धरून वरच्या ओठावर काळी पट्टी ओढली. "तमाशातला राजा दिसतोस गड्या," तो म्हणाला. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अर्जुनालाही हसू आलं, आणि आल्याची लाज वाटली.

तो काचेसमोर गेला. चेहरा जुळत नाही.

आता मोहसीनचाही धीर सुटला. तात्याबा जमिनीकडं बघत राहिले. अर्जुनाला मात्र फोटोचा दिवस आठवला. त्याचे वडील, आबा, तेव्हा त्याच्या खोलीवर आले होते. कंपनी फोटो काढणार म्हटल्यावर म्हाताऱ्यानं पोराला नवरदेवासारखं सजवलं. तेलाचं बोट लावून स्वतः त्याच्या मिशीला पीळ भरला. नको नको म्हणत असताना भरला. म्हणाला, "कंपनीला कळू दे, कुणाचा हाईस त्ये."

"दे ती कांडी हिकडं," अर्जुना मोहसीनला म्हणाला.

तो तात्याबांच्या मोटारसायकलपाशी गेला आणि आरशात वाकून पट्टीची दोन्ही टोकं वर वळवू लागला. डाव्या बाजूचं टोक उजव्यापेक्षा जरा जास्तच वर नेलं. आबांच्या हातून नेहमी तसंच व्हायचं.

मग तो येऊन काचेसमोर उभा राहिला.

हिरवा दिवा लागला. "स्वागत आहे, अर्जुना. हसत राहा."

"जा रं पोरा, जा पळ," तात्याबा म्हणाले.

आत गेल्या गेल्या अर्जुना नळावर गेला. ओंजळ भरून तोंडाशी नेली, तोच मागनं मोहसीननं त्याचं मनगट धरलं.

"पुसू नगंस, गड्या. सुटताना परत तोंड दाखवायचं हाय."

अर्जुनानं ओंजळ सोडून दिली.

लाइन सुरू झाली. तिथं आवाज एवढा, की कोण रडतंय ते शेजारच्याला ऐकू जात नाही. अर्जुना पाळीभर मधनंच थांबून बाहीनं डोळ्यांच्या कडा टिपत होता, पाणी गालावर उतरायच्या आधीच. आबांनी भरलेला पीळ पाळी सुटेपर्यंत जपायचा होता.