मागून आलेली धाकटी

यानाचं दार उघडलं आणि चाळीस वर्षांचा प्रवास करून नव्या ग्रहावर उतरलेल्या शरयूला समोर धाकटी बहीण दिसली. आईला सांभाळायला पृथ्वीवर राहिलेली मंदा, कितीतरी वर्षांनी निघालेल्या वेगवान यानाने अकरा महिन्यांत इथे पोचली होती. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. तिच्या घराभोवती शेवगासुद्धा वाढला होता.

“आईलाही आणलं होतं,” मंदा म्हणाली. “तुला भेटायचा हट्टच होता तिचा. गेल्या वर्षी गेली.”

शरयूने हातातली पिशवी खाली टाकली. “आई तुला मिळाली आणि हा ग्रहही तुलाच. मी नुसती वाट तुडवली.”

मंदाने ती पिशवी उचलून खांद्याला लावली. थोडं चालल्यावर ती म्हणाली, “शेवटी आई मला ओळखत नव्हती. दिवसभर ‘शरे, शरे’ करायची. मीच ओ द्यायचे. तुझा फार राग यायचा तेव्हा.”

शरयूला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

“कशी हाक मारायची ती?” तिने विचारलं.

मंदाने थेट आईच्या आवाजात हाक मारली.

शरयूने ओ दिली.